नॅरोबोटच्या तळाला पुन्हा पुन्हा खड्डे पडतात? जस्ताचा थर चढवण्याआधी हे तपासा

दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढायची, प्रेशर वॉशरने शेवाळ उडवायचं, डांबराचे दोन-तीन हात मारायचे आणि पुन्हा कालव्यात सोडायची. पुढच्या खेपेला बाहेर काढली की पाण्याच्या रेषेखाली तेच: नारिंगी फोड, आणि फोड खरवडला की खाली खड्डा. गेल्या वेळी नखाला जेमतेम लागणारा खड्डा आता दोन मिलिमीटर खोल झालेला. सर्व्हेअर मान हलवतो. यार्डवाला सांगतो, सगळं ब्लास्ट करून (म्हणजे दाबाच्या हवेने खरखरीत कण मारून पोलाद उघडं करून) जस्त मारून घ्या, मग बरीच वर्षं बघायला नको. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण दुसरा मार्ग दिसत नाही म्हणून माणूस हो म्हणतो.

इंग्लंडात कालव्यावर राहणाऱ्या किंवा हौसेने बोट घेतलेल्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार वरचेवर ऐकू येते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगतो. जस्ताचा थर उत्तम चीज आहे. पण जिथे खड्डे पुन्हा पुन्हा पडतात तिथलं दुखणं बहुतेक वेळा किनाऱ्यावरून आलेल्या विजेच्या केबलमध्ये असतं. ते तसंच ठेवून जस्त मारलं, तर जिथे म्हणून ओरखडा पडेल तिथे जस्तही त्याच वाटेने जाईल.

बोट कशी असते ते थोडक्यात. इथल्या जुन्या अरुंद कालव्यांची लॉकं, म्हणजे बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, सात फुटी, त्यामुळे नॅरोबोटची रुंदी ६ फूट १० इंच, म्हणजे साधारण २.०८ मीटर, लांबी मात्र ७० फुटांपर्यंत जाते. आजची बोट साध्या माइल्ड स्टीलची. तळाची प्लेट १० मिमी, पाण्यातल्या बाजू ६ मिमी, केबिनच्या भिंती ४ मिमी, हे नेहमीचं माप. यातला काळजीचा आकडा ६ चा. सर्व्हेअर आणि विमा कंपन्या सहसा ४ मिमी ही खालची मर्यादा धरतात, म्हणजे हातात फक्त २ मिमी. गंज सगळीकडे सारखा चढला तर गोड्या पाण्यात ते २ मिमी जायला पुष्कळ वर्षं लागतात. खड्ड्याचं तसं नसतं. शेजारची प्लेट ठणठणीत असताना एका ठिकाणी तो आरपार जाऊ शकतो.

खडू घ्या, डांबर नंतर

बोट वर काढून धुतली की डांबराच्या डब्याला लगेच हात लावू नका. खडू घेऊन प्रत्येक फोडाभोवती, प्रत्येक खड्ड्याभोवती गोल करा. मग मागे सरकून दोन्ही बाजूंचे पूर्ण लांबीचे फोटो काढा. खड्डे कुठे आहेत यावरून निम्मं निदान होतं.

पाण्याच्या रेषेलगत चार-सहा इंचांचा पट्टा खराब असेल आणि खाली सगळं ठीक असेल, तर हा बराचसा रोजच्या झिजेचा भाग आहे. तिथे हवा आणि पाणी दोन्ही भरपूर, शिवाय लॉकच्या भिंती, धक्क्याच्या कडा आणि बाजूला लोंबते फेंडर (धक्का झेलणाऱ्या गाद्या) डांबर घासून काढतात. बोट चालवताना फेंडर वर न घेणारे लोक लॉकमध्ये अडकतात ते वेगळंच. बांधून ठेवलेल्या बोटीतही एकाच जागी महिनोन्महिने घासणारा फेंडर आपला ठसा गंजाने उमटवून ठेवतो. इथे चांगलं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा कडक रंग, पुरतं.

मोठमोठे पोपडे सुटताहेत, पोपड्याच्या पाठीला निळसर काळी, काचेसारखी कडक पापडी चिकटलेली आहे आणि खड्डे नेमके त्या पापडीच्या कडांना आहेत? ती मिल स्केल. गरम प्लेट कारखान्यात लाटताना तिच्यावर जमलेला ऑक्साइडचा थर. वीजरसायनाच्या भाषेत मिल स्केल पोलादापेक्षा वरचढ असते, म्हणजे ती स्वतः सुरक्षित राहते आणि भेगेतून उघडं पडलेलं पोलाद खायला लावते. कित्येक बोटी बांधताना मिल स्केल न काढताच डांबर मारलेलं असतं. वरून कितीही हात मारा, खालची पापडी सुटली की वरचे सगळे हात तिच्याबरोबर जातात. याला ब्लास्टिंगशिवाय इलाज नाही.

तिसरा प्रकार जवळून बघण्यासारखा आहे. नारिंगी-तपकिरी फोड, रुपयाच्या नाण्याएवढा, वरून कडक. स्क्रेपरच्या टोकाने फोडला की आतून शाईसारखं काळं पाणी येतं आणि सडक्या अंड्याचा वास. ते पुसलं की खाली खड्डा, आणि त्याचा तळ चकचकीत, जणू आत्ताच ग्राइंडर मारलाय. हे सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. त्यांना हवा नको असते, म्हणून ते चिखलात, शेवाळाखाली आणि सुटलेल्या रंगाखाली वस्ती करतात. असा फोड नुसता खरवडून वर डांबर फासणं म्हणजे त्यांना घर बांधून देणं. प्रत्येक खड्डा गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून, ब्लास्ट करून, पुन्हा धुवून कोरडा करावा लागतो.

आणि चौथा. खड्डे पाण्याखाली सगळीकडे विखुरलेले, पण किनाऱ्याच्या लोखंडी पाइलिंगकडच्या (काठाला ठोकलेल्या लोखंडी पत्र्यांच्या) बाजूला जास्त. जिथे जिथे रंगाला ओरखडा, तिथे तिथे खड्डा. आणि ॲनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजावेत म्हणून तळाला लावलेले धातूचे ठोकळे, वर्ष-दीड वर्षातच खाऊन संपलेले. हे दिसलं की रंगाच्या दुकानाऐवजी मल्टिमीटरकडे जायचं.

एक गोष्ट बाहेरून दिसतच नाही: आतून येणारा गंज. केबिनच्या लाद्यांखाली साठलेलं पाणी, बॅलास्टच्या विटांखालचा ओलावा, गळका पंप, शाफ्टच्या ग्लँडमधून ठिबकणारं पाणी. तळाच्या प्लेटची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने कमी भरली आणि बाहेरून खड्डा नसेल, तर फळी उचकटून आत बघा. बाहेरच्या जस्ताचा या दुखण्याशी काही संबंध नाही.

ॲनोड काय सांगतात

कालव्याचं पाणी गोडं. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे ॲनोड लागतात. मांडवी-झुआरीच्या खाडीत किंवा मुंबई बंदरात चालणाऱ्या बोटीला जस्ताचे ॲनोड बरोबर. खाऱ्या पाण्यात वीज सहज वाहते आणि जस्त व्यवस्थित झिजत राहतं. त्याच जस्ताचा ॲनोड इथल्या कालव्यात लावला, तर त्याच्यावर पांढरी कडक पुटं चढतात आणि तो गप्प बसतो. तिकडच्या सवयीने इथे जस्ताचे ॲनोड मागवणारे आपलेच लोक भेटतात. चार वर्षांनी ॲनोड नव्यासारखे दिसले म्हणून ते खूश असतात. अजिबात न झिजलेला ॲनोड म्हणजे काम न केलेला ॲनोड.

न झिजण्याची बाकी कारणं: चुकीचा धातू, नुसता बोल्ट मारून बसवलेला आणि मधे गंज धरून संपर्क तुटलेला, किंवा डांबर मारणाऱ्याने हात न थांबवता ॲनोडवरही ब्रश फिरवलेला. हे शेवटचं इतकं सर्रास होतं की यार्डात बोट देताना ॲनोडवर आधी कागद चिकटवून घ्यायला सांगा.

दुसरी मर्यादा जागेची. ॲनोड सहसा नाळेजवळ आणि शेपटीकडे, जिथे बोट निमुळती होते तिथे वेल्ड करतात, कारण मधल्या सरळ बाजूला लावले तर सात फुटी लॉकमध्ये अडकतील. गोड्या पाण्यात एका ॲनोडचा धाक थोड्याच मीटरपर्यंत पोचतो. म्हणजे ५७ फुटी बोटीचा मधला मोठा भाग ॲनोडच्या भरवशावर नसतोच, फक्त रंगाच्या भरवशावर असतो. जस्ताच्या थराची बाजू इथे भक्कम आहे: तो थर प्लेटभर पसरलेला असतो, ॲनोड चार कोपऱ्यांत.

किनाऱ्याची वीज: इथे वेळ घालवा

मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवण्याच्या जागेत, बोट बांधली आणि किनाऱ्याच्या खांबात प्लग लावला की आपण वीज घेतो, हे उघड आहे. त्याच केबलमधली हिरवी-पिवळी अर्थची तार मात्र आपल्या बोटीचा तळ शेजारच्या सगळ्या बोटींच्या तळाशी, त्यांच्या ब्रॉन्झच्या पंख्यांशी, किनाऱ्याच्या तांब्याच्या अर्थिंगशी आणि कधी काँक्रीटमधल्या सळ्यांशीही जोडते. वर तार, खाली पाणी, सेल तयार. त्या सगळ्या गोतावळ्यात ज्याचा धातू वीजरसायनाच्या उतरंडीत सर्वात खालचा तो झिजतो. तुमचे मॅग्नेशियम ॲनोड नवे असतील तर तुम्ही वर्षभर अख्ख्या रांगेची राखण करता. ते संपले की पोलादाची पाळी, आणि तेही फक्त रंगाला जिथे छिद्र आहे तिथे.

किती झिजतं याचा हिशोब सोपा आहे. १ अँपिअरचा डीसी प्रवाह वर्षभर पोलादातून पाण्यात गेला तर साधारण ९ किलो लोखंड जातं. ५० मिलिअँपिअर म्हणजे कुणाच्या खिजगणतीतही नसलेला प्रवाह. त्याने वर्षाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दहा-बारा टनांच्या बोटीला साडेचारशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण १० मिमी तोंडाचा आणि ६ मिमी खोल, शंकूच्या आकाराचा आरपार खड्डा पाडायला जेमतेम सव्वा ग्रॅम लोखंड जावं लागतं. अशी साडेतीनशे भोकं बसतात त्या साडेचारशे ग्रॅममध्ये. प्रत्यक्षात ती तशी मोजून पडत नाहीत, झीज बरीच विखुरते. पण रंग जितका चांगला आणि छिद्रं जितकी कमी, तितका सगळा प्रवाह त्या मोजक्या छिद्रांत गोळा होतो, हे ध्यानात ठेवा. महागडा रंग मारल्यावर खड्डे कमी झाले पण खोल झाले, या तक्रारीचं उत्तर इथे आहे.

आता तपासणी. बोट पाण्यात हवी. विजेच्या कामाची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बरोबर घ्या.

खांबावरचा स्विच बंद करा, केबल बोटीच्या बाजूने काढा. आता केबलच्या टोकातली अर्थची पिन आणि बोटीच्या तळाचा उघडा बोल्ट यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा, डीसी व्होल्टवर. काही शतांश ते काही दशांश व्होल्ट दिसतील. मग मीटर डीसी मिलिअँपिअरवर घेऊन तसंच मोजा. हाच तो प्रवाह जो एरवी चोवीस तास वाहत असतो. इथे दहा-वीस मिलिअँपिअर जरी दिसले तरी वर सांगितलेला हिशोब करून बघा.

याहून चांगली चाचणी संदर्भ-इलेक्ट्रोडची. गोड्या पाण्यासाठी तांबं आणि मोरचुदाच्या द्रावणाचा इलेक्ट्रोड वापरतात. तो बोटीच्या मध्यावर पाण्यात सोडायचा, मीटरचं एक टोक त्याला, दुसरं तळाच्या पोलादाला. केबल काढून काही तास थांबून मोजा, मग लावून पुन्हा काही तासांनी मोजा. पोलाद सुरक्षित म्हणायचं तर वाचन उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून खाली हवं. समजा केबल काढलेली असताना उणे ०.९० आहे आणि लावल्यावर उणे ०.६८ झालं, तर तुमचे ॲनोड चांगले आहेत आणि त्यांची कमाई किनारा खातोय. दोन्ही वेळा उणे ०.६० च्या आसपासच असेल, तर ॲनोड नाहीतच असं समजा.

ज्यांच्याकडे मरीनाची जागा नाही, जे परवान्याच्या अटीप्रमाणे दर १४ दिवसांनी जागा बदलत फिरतात आणि सोलरवर जगतात, त्यांच्या बोटींना हा रोग सहसा नसतो. त्यांनी हा भाग सोडून थेट मिल स्केल आणि जिवाणूंकडे जावं.

उपाय दोन. गॅल्व्हनिक आयसोलेटर, म्हणजे अर्थच्या तारेत एकमेकांना उलट जोडलेल्या डायोडच्या जोड्या. साधारण १.२ व्होल्टच्या खालचा डीसी ते अडवतात, पण खरा फॉल्ट आला तर तो प्रवाह जाऊ देतात. दुसरा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, जो किनाऱ्याची आणि बोटीची तार न जोडता वीज देतो: वजनदार, महाग, जागा खाणारा, आणि माझ्या मते कायम मरीनात राहणाऱ्या बोटीसाठी एकमेव निवांत उपाय. १६ अँपिअरच्या जोडणीला साधारण ३.६ केव्हीएचा लागतो. तिसरा एक उपाय काही शहाणे सुचवतात, अर्थची तार कापून टाकायची. ते करू नका. पोलादी बोटीत फॉल्ट आला तर पूर्ण बोट जिवंत होते, आणि पाण्यातला किंवा धक्क्यावरून पाय टाकणारा माणूस मरतो.

आयसोलेटर लावलाय, तरी खड्डे

हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या सर्वात मोठी. आयसोलेटर गुपचूप मरतो. एखाद्या फॉल्टने किंवा जवळ पडलेल्या विजेने डायोड शॉर्ट होतात. वीज चालू राहते, अर्थ चालू राहतो, फक्त अडवणूक बंद होते. केबल काढून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि आयसोलेटरच्या दोन टोकांमध्ये दोन्ही दिशांनी मोजा. आत कपॅसिटर असेल तर आकडा हळूहळू चढतो, थांबा. दोन्ही दिशांना एक व्होल्टच्या आसपास स्थिरावला तर ठीक. शून्याजवळ राहिला तर तो शॉर्ट आहे. दोन्हीकडे काहीच जोड दिसत नसेल तर अर्थच तुटलेला आहे, आणि ही गंजाची नाही, जिवाची बाब. केबल लावूच नका.

आयसोलेटर धडधाकट असूनही प्रवाह वळसा घालून जातो. मरीनाच्या टीव्ही अँटेनाची केबल, तिचं बाहेरचं जाळीचं आवरण थेट तळाला टेकलेलं. बोट बांधायची लोखंडी साखळी किंवा वायर रोप, एक टोक पाइलिंगला, दुसरं डेकच्या कडीला; दोरी वापरा. विजेच्या इनलेटची धातूची चौकट तळाला बोल्टने बसवलेली, म्हणजे प्रवाह आयसोलेटरच्या आधीच आत शिरतो. हिवाळ्यात शेजाऱ्याने प्रेमाने खिडकीतून दिलेली एक्स्टेन्शन वायर, जी आयसोलेटरमधून जातच नाही. हे चार बघितले तरी बहुतेक चोरवाटा सापडतात.

बोटीच्या स्वतःच्या १२ व्होल्टच्या वायरिंगमधली गळती हा वेगळा विषय. किनाऱ्याची केबल काढलेली असतानाही बॅटरीचा स्विच बंद-चालू केल्यावर इलेक्ट्रोडचं वाचन हललं, तर बिल्ज पंपाची (तळात साठलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) फ्लोट स्विच आणि पाण्यात लोळणारे जोड आधी बघा.

आता जस्त

तार तपासली, ॲनोड मॅग्नेशियमचे आणि नीट वेल्ड केलेले आहेत, तरी मिल स्केलमुळे किंवा जिवाणूंमुळे तळ खराब झालाय आणि बोट पुढची पंधरा-वीस वर्षं ठेवायची आहे. मग जस्ताला पैसे घालण्यात अर्थ आहे.

जस्त दोन प्रकारे राखण करतं. एक म्हणजे आडोसा. दुसरं, ओरखड्यातून पोलाद उघडं पडलं तर आधी स्वतः झिजतं. घरच्या जस्ती बादलीवर ओरखडा पडला तरी कडेला लगेच गंज धरत नाही, ते याच कारणाने. ही कल्पना पाण्यातल्या जहाजावर पहिल्यांदा हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये आजमावली. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा झिजायचा. डेव्हीने त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. त्यातलं ‘सामारांग’ हे जहाज आपल्या कोचीत बांधलेलं. तांबं खरंच वाचलं, पण न झिजणाऱ्या तांब्यावर शेवाळ आणि शिंपले बसू लागले, कारण आधी तांब्याचे विरघळणारे क्षारच त्यांना मारत होते. नौदलाने प्रयोग गुंडाळला.

बादलीसारखं वितळलेल्या जस्तात बुडवणं बोटीला जमत नाही. ती कढई साधारण ४५० अंशांची असते. १७ मीटरची तयार बोट तिच्यात जाणार नाही आणि गेली तरी पातळ पत्रे पिळवटतील. मग उरतात दोन रस्ते.

पहिला, जस्ताची भुकटी भरलेला इपॉक्सी प्राइमर. यात जस्ताचा कण कणाला आणि कण पोलादाला चिकटून असायला हवा, तरच वीज वाहते आणि राखण होते. म्हणून आयएसओ १२९४४ या मानकात वाळलेल्या थरात वजनाने किमान ८० टक्के जस्त मागितलं आहे. गंजावर, जुन्या डांबरावर किंवा नुसत्या वायर ब्रश मारलेल्या प्लेटवर हा प्राइमर म्हणजे राखाडी रंग, बाकी काही नाही. स्प्रेच्या डब्यातलं ‘कोल्ड गॅल्व्हनायझिंग’ पाण्याखाली मारून खड्डा बरा झाला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शिवाय कायम पाण्याखाली राहणाऱ्या जस्त-प्राइमरवर वरचा थर पातळ किंवा सच्छिद्र असेल, तर आत पाणी शिरून जस्ताचे क्षार बनतात आणि फोड येतात. यार्डाने हा रस्ता सुचवला तर वरच्या इपॉक्सीची जाडी लेखी मागा.

दुसरा, आणि मला पसंत असलेला, वितळलेल्या जस्ताची फवारणी. जस्ताच्या दोन तारा बंदुकीतून पुढे येतात, टोकाला विजेच्या ज्योतीत वितळतात आणि दाबाच्या हवेने प्लेटवर उडतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, पण थेंब इतके बारीक की प्लेट फक्त कोमट होते, वाकत नाही. थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा. ५७ फुटी बोटीचा पाण्यातला भाग पन्नासेक चौरस मीटर धरला आणि थर १२० मायक्रॉन, तर तळावर चाळीसेक किलो जस्त बसतं. फवारलेलं जस्त सच्छिद्र असतं, म्हणून त्याच्यावर पातळ सीलर मुरवायचा आणि मग इपॉक्सीचे हात, एकूण तीनेकशे मायक्रॉन. वर इपॉक्सी नसेल तर जस्त नुसतंच झिजत राहील.

पाणी कुठलं यावरही फरक पडतो. दक्षिणेकडे चुनखडीच्या टेकड्यांतून येणारं ग्रँड युनियनचं पाणी जड; त्यातला चुना उघड्या जस्तावर बसून त्याला सांभाळतो. पेनाइन डोंगरांतल्या जलाशयांवर चालणाऱ्या हडर्सफील्ड किंवा रॉचडेल कालव्यांचं पाणी हलकं, किंचित आम्लधर्मी. तिथे जस्ताची झीज जास्त. उत्तरेकडे कायम फिरणार असाल तर वरच्या इपॉक्सीवर जास्त खर्च करा.

पैसे जिथे वाया जातात

जस्त मारूनही फसलेल्या बोटींमध्ये बहुतेक वेळा चूक जस्ताआधीच झालेली असते. ब्लास्टिंग पांढऱ्या किंवा जवळजवळ पांढऱ्या धातूपर्यंत हवं, मानकाच्या भाषेत एसए २½ किंवा ३. टोकदार ग्रिटने, म्हणजे प्लेट हाताला खरखरीत सँडपेपरसारखी लागली पाहिजे. नुसतं स्वच्छ असून भागत नाही, जस्ताला पकडायला जागा हवी.

ब्लास्ट झाल्यावर खड्ड्यांत लपलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. ते पकडायची सोपी युक्ती: पहिला ब्लास्ट झाला की बोट एक रात्र तशीच ठेवा. सकाळी बाकी प्लेट राखाडी आणि काही खड्डे तेवढे काळे-तपकिरी झालेले दिसतील. तेच दोषी. त्यांना गोड्या पाण्याने दाबाखाली धुवा, वाळवा, पुन्हा ब्लास्ट करा, आणि या वेळी मात्र त्याच दिवशी काही तासांत जस्त चढलं पाहिजे. यार्डवाले हा एक दिवस वाचवायला बघतात. त्यांना तो एक दिवस दुसऱ्या बोटीसाठी हवा असतो, अडून बसा.

हवामान हा इथला खरा खलनायक. प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. नोव्हेंबरात उघड्या यार्डात ताडपत्रीखाली हे जमवणं म्हणजे नशिबाचा खेळ. बरेच इपॉक्सी १० अंशांखाली नीट घट्ट होत नाहीत, वर चिकट पातळ पडदा धरतात, आणि तो न धुता पुढचा हात मारला की थरांमधून सोलून येतो. स्वस्त पडतंय म्हणून हिवाळ्यातली तारीख घेऊ नका, किंवा बंद गरम शेडच असलेलं यार्ड गाठा.

काम झालं की ओल्या स्पंजची चाचणी मागा. कमी व्होल्टच्या बॅटरीला जोडलेला ओला स्पंज थरावरून फिरवतात. जिथे छिद्र तिथे यंत्र बोंबलतं. तिथे खडूची खूण, आणि बोट पाण्यात जाण्याआधी दुरुस्ती. ही चाचणी करायला नाखूश असलेलं यार्ड कामाबद्दलही नाखूशच असतं, असा माझा अनुभव आहे.

आणि जुन्या डांबरावर इपॉक्सी किंवा जस्त काहीच बसत नाही. इपॉक्सीतले सॉल्व्हंट डांबर मऊ करतात आणि ते वर पाझरतं. डांबराकडून इपॉक्सीकडे जायचं तर पूर्ण ब्लास्ट, मधला मार्ग नाही. तेवढे पैसे नसतील तर सरळ पुन्हा डांबर मारा, आयसोलेटर नीट करा, मॅग्नेशियम बदला आणि दोन वर्षांनी खडूचा नकाशा पुन्हा काढा. मागच्या फोटोशी ताडून बघितलं की खड्डे थांबलेत की नाही हे कळेल. पुष्कळ बोटींचं एवढ्याने भागतं, आणि जस्ताचा विचार मग घाई न करता करता येतो.

वेल्डिंगचा क्रम शेवटी, कारण इथे लोक उलटं करतात. खोल खड्डे वेल्डने भरणं, पातळ जागी वरून प्लेट चढवणं, नवे ॲनोड वेल्ड करणं, हे सगळं ब्लास्टिंगच्या आधी. जस्त चढवल्यावर वेल्ड केलं तर थर जळतो, जोड सच्छिद्र होतो, आणि जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला संध्याकाळी थंडी-ताप भरतो. नंतर कधी वेल्ड करावंच लागलं, तर आजूबाजूचं जस्त आधी ग्राइंडरने पूर्ण काढून घ्या, मास्क आणि मोकळी हवा ठेवा. आणि आतल्या बाजूला फवारलेला फोमचा इन्सुलेशन असेल, तर त्या पट्ट्यातला फोम खरवडून काढून आत पाण्याची बादली आणि एक माणूस उभा केल्याशिवाय वेल्डरला ठिणगी पाडू देऊ नका. तो फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.